माळनाक्याची गळती

यादीत ती शेवटची. एकेचाळिसावी.
आधीच्या चाळीस आम्ही दीड महिन्यात मिटवल्या,
रविवारी पहाटे सहाला,
चहा नागवेकरबाईंच्या थर्मासातला,
पाने माझे, सफेदा आणि सुतळी वर्गणीतून.
धरणात गाळाला भेगा. नळ तीन दिवसांआड.
आणि आमचा जांभा तर जन्माचा उधळ्या,
चार महिने पोटभर घेतो
आणि शिमग्यापर्यंत सगळं खाडीला देऊन
हात झटकून बसतो.

माळनाक्यावर, जांभळीखाली,
पाइपाचा एक सांधा नऊ वर्षं पाझरत होता.
दर वर्षी तक्रार, दर वर्षी पोचपावती.
मी खणलं. शिवलकरांच्या ऋचाने टॉर्च धरला.
सांध्याभोवती मुळं होती,
तान्ह्या पोराच्या जावळासारखी बारीक,
पण पांढरी, ओली,
थेट नटाच्या आट्यांत शिरलेली.
मी हॅक्सॉचं पातं फिरवलं.
"काका, ही कुणाची?" तिने विचारलं.
मी म्हटलं, टॉर्च नीट धर.

तासाला अठरा लिटर वाचले.
वाचनालयाच्या फळ्यावर आकडा लिहिला.
मलाच हार घातला, अबोलीचा. मी घालून घेतला.

बाराव्या दिवशी जांभळीने पानं लोंबती सोडली.
हिरवी जांभळं, मिऱ्याएवढी,
स्कूटरींच्या सीटवर टपटप.
झेरॉक्सवाला खूश: यंदा डाग नाहीत.

हीच जांभळ.
गेल्या वर्षी रस्ता रुंद होताना
हिच्यासाठी आम्ही तिघं
सतरंजी टाकून रात्रभर करवतीसमोर बसलो होतो.
हिच्या अंगातून एकशे सहा खिळे काढले होते,
क्लासच्या पाट्यांचे, वाढदिवसांच्या शुभेच्छांचे.

बैठकीत मी मुळांचं सांगितलं.
कुणी काही बोललं नाही. पंखा तेवढा करकरत होता.
मग दत्तू विलणकर हळूच,
"मेल्या, नट जरा सैल ठेवायचास."
सगळे हसले. मी नाही.
कारण त्याच्या आदल्या रात्री
पाना खिशात घालून मी तिथे जाऊन आलो होतो.
सांध्याला हात लावला. कोरडा. ठणठणीत.
इतकं चांगलं काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

आता बँकेच्या एसीची नळी बादलीत सोडलीय.
खानावळीतून तांदळाचं धुवण येतं.
राजिवड्यातून सलमा फणसोपकर
मशिदीतलं वजूचं पाणी पाठवते,
रिक्षाच्या मागच्या सीटवर दोन कॅन,
शेजारी तिचा नवरा, कॅन धरायला.
मासळीच्या बर्फाचं पाणी एकाने आणलं होतं मोठ्या हौसेने;
खारट, म्हणून परत पाठवलं.
तो अजून रागावलेला आहे.

जांभा फोडून आळं केलं
तेव्हा मुळं पुन्हा दिसली.
कापलेली टोकं सुकली होती,
पण सगळी अजून पाइपाकडेच तोंड करून.
नऊ वर्षांची सवय.

म्हणून आम्ही पाणी पलीकडच्या बाजूला ओततो,
शाळेच्या कुंपणाकडे.
रोज थोडं आणखी लांब.
ऋचा म्हणते, मुळांना कसं कळणार?
मला माहीत नाही.
मी पाइपाचा माणूस, पाणी कुठून सुटतं एवढंच मला कळतं.

आज वरच्या एका फांदीवर
तांबूस पालवी आहे, बोटभर.
दत्तू म्हणतो पालवी, नागवेकरबाई म्हणतात करपलेलं पान.
चष्मा दोघांनाही आहे.
मी बादली उचलतो.
फळ्यावर अठराचा आकडा अजून तसाच,
त्याच्याखाली कुणीतरी बारीक खडूने लिहिलंय:
वजा जांभूळ.